‘हातात घे!’

(दहावी १९९७ तुकडीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषयही त्यांनीच सुचवला होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटल्यावर ते साहजिकच होतं. पण त्या विषयावर तुम्हाला रोज सकाळी ‘सुप्रभात’च्या फुलांबरोबर व्हॉट्सअ‍ॅपवर पुरेसं येतं. मी म्हटलं, मी फुटबॉलच्या नियमांवर बोलते. पलीकडे जरा शांतता. मग हळूच प्रश्न आला, “तू? फुटबॉल?”

प्रश्न अगदी रास्त होता. आपलं मैदान आठवा. मधल्या सुट्टीत नळापासून मागच्या भिंतीपर्यंत मुलांचा फुटबॉल चालायचा. दोन्हीकडे दप्तरांचे गोलपोस्ट. आम्ही मुली वऱ्हांड्याच्या पायऱ्यांवर डबे उघडून बसायचो. चेंडू वऱ्हांड्यात आला की आतून बाहेरून ओरडा व्हायचा, “ए, बॉल दे!” आणि आमच्यातली कुणीतरी पोळीचा हात फ्रॉकला पुसून चेंडू उचलायची आणि फेकायची. शाळेची दहा वर्षं माझा फुटबॉलशी आलेला संबंध एवढाच, आणि तोही हाताने. पायाने मारून परत द्यावा असं कधी मनातही आलं नाही. मुलींना खो-खो होता, आणि खो-खो आम्ही जीव तोडून खेळायचो, त्याबद्दल तक्रार नाही. फुटबॉल आमचा नव्हता, एवढंच.

आता थेट २०२२ च्या ऑगस्टमध्ये येते. तेव्हा माझी लेक आठवीत होती. ठाण्याला आमच्या घराजवळ मुलींचं फुटबॉलचं प्रशिक्षण चालतं, तिथे ती दोन वर्षं जात होती. गोलकीपर. मी तिला सोडायचे, आणायचे, बूट धुवायचे, फी भरायचे. नियम मला ठाऊक नव्हते. चेंडू जाळ्यात गेला की गोल, आणि गोलकीपरने हात वापरला तर चालतो, बाकीच्यांनी वापरला तर चालत नाही. माझं ज्ञान इथे संपत होतं, आणि तेवढं पुरेसं आहे अशी माझी समजूत होती.

त्या दिवशी कल्याणला स्पर्धा होती. पाऊस नुकताच थांबलेला, मैदान म्हणजे चिखल. दुसरा हाफ संपत आलेला आणि एक-एक बरोबरी. आमच्या संघातल्या एका मुलीकडे चेंडू होता. समोरून दोघी तिच्या अंगावर धावून आल्या तशी तिने वळून चेंडू पायाने मागे, माझ्या लेकीकडे ढकलला. चिखलामुळे तो हळूहळू येत होता. समोरच्या संघातली एक उंच मुलगी त्याच्या मागे सुटली. लेक पुढे आली, चेंडूला लाथ मारायला तिने पाय मागेही घेतला. आणि मी रेषेबाहेरून, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “हातात घे! अगं हातात घे!”

तिने हातात घेतला.

शिट्टी वाजली. मला वाटलं काहीतरी चांगलंच झालं असणार, चेंडू तर आमच्या ताब्यात होता. मी टाळ्याही वाजवल्या. मग पंचाने एक हात डोक्याच्या वर सरळ धरला, चेंडू लेकीकडून घेतला आणि आमच्याच गोलसमोर सात-आठ पावलांवर ठेवला. आमच्या सगळ्या मुली गोलरेषेवर ओळीने उभ्या राहिल्या. समोरच्या एकीने चेंडू नुसता बाजूला सरकवला, दुसरीने तो मारला. दोन-एक. पाच मिनिटांत सामना संपला.

आम्ही कल्याणहून स्लो गाडी पकडली. लेकीला खिडकी मिळाली होती. ठाकुर्ली गेलं, डोंबिवली गेली, कोपर, दिवा. ती बाहेर बघत होती आणि मी तिची समजूत घालत होते. समजूत म्हणजे काय, “पंचाने चुकीचा निर्णय दिला, तू तर गोलकीपर आहेस, तुला हात लावायचा अधिकार आहे,” असं मी तिलाच सांगत होते! मुंब्र्याचा बोगदा आला. बोगद्यातून बाहेर पडल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “आई, पायाने दिलेला बॉल हातात घेता येत नाही. मला माहीत होतं.” कळवा गेलं. ठाण्याला उतरताना म्हणाली, “यापुढे तू मॅचला येऊ नकोस.”

मैत्रिणींनो, आठवीतल्या मुलीने आईचं ऐकावं अशी आपली सगळ्यांचीच इच्छा असते. माझ्या मुलीने ऐकलं होतं. दोन वर्षं शिकलेलं सगळं बाजूला ठेवून, ऐन वेळी, मला ज्यातलं काही कळत नव्हतं त्या गोष्टीत तिने माझं ऐकलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याच महिन्यात एक योगायोग झाला. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली की फिफा या जागतिक संघटनेने भारताच्या फुटबॉल महासंघावर बंदी घातली. कारण काय, तर कारभारात बाहेरच्यांचा हस्तक्षेप! पेपर वाचून मला हसू आलं आणि पोटात खड्डाही पडला. आमच्या घरी तेच कलम लावून बंदी आधीच जारी झाली होती. फिफाने २६ ऑगस्टला बंदी उठवली. माझी चालूच राहिली. मी लेकीला मैदानापर्यंत सोडायचे आणि बाहेर चहाच्या टपरीवर बसायचे. आतून ओरडा ऐकू यायचा, तो आमच्या बाजूचा की त्यांच्या, हे ओळखायचा प्रयत्न करायचे.

तेव्हा मी नियम शिकायला घेतले. लेकीला विचारायची सोय नव्हती. ऑफिसात आमच्या टीममध्ये एक कोल्हापूरचा मुलगा आहे. कोल्हापूर म्हटलं की आपल्याला कुस्ती आणि तांबडा-पांढरा आठवतो, पण तिथे तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, बालगोपाल. राजर्षी शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने असले की पेठाच्या पेठा रस्त्यावर येतात. २०१७ साली आपल्याकडे सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. तर या मुलाला मी कॅन्टीनमध्ये कल्याणची सगळी हकीकत सांगितली. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, “ताई, रागावू नका, पण आमच्याकडं एवढ्यावर माणसाला पेठेत फिरू देत नाहीत.”

मग त्याने मला तो नियम सांगितला. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घ्यायचा नाही. डोक्याने दिला, छातीने दिला, गुडघ्याने दिला तर चालतो. पायाने नाही. आपल्याच खेळाडूने थ्रो-इन करून थेट दिलेलाही चालत नाही. हातात घेतला तर समोरच्या संघाला अप्रत्यक्ष फ्री किक मिळते. अप्रत्यक्ष म्हणजे त्या किकवरून सरळ गोल होत नाही, मध्ये आणखी एका कुणाचा तरी स्पर्श व्हावा लागतो. म्हणूनच त्या मुलीने चेंडू नुसता सरकवला होता. पंचाचा वर धरलेला हात त्याचीच खूण होती, आणि मी मात्र ‘पंच कुणाला तरी बोलावतोय’ असं समजत होते.

हा नियम आला कसा, ते ऐका. पूर्वी असं काही नव्हतं. एक गोल करून पुढे गेलेला संघ चेंडू आपल्याच गोलकीपरला मागे द्यायचा, तो हातात घ्यायचा, जरा थांबून परत बाहेर द्यायचा, ते पुन्हा त्याला मागे द्यायचे. समोरच्यांनी बघत बसायचं, आणि घड्याळ पळतंय. इटलीतल्या १९९० च्या विश्वचषकात असला कंटाळवाणा खेळ फार झाला म्हणून ओरड झाली आणि १९९२ साली नियम बदलला. आम्ही प्रोग्रॅमर ज्याला पळवाट बंद करणं म्हणतो, तेच. आणि पळवाट बंद केली की लोक लगेच दुसरी शोधतात हेही आमच्या धंद्यात रोजचंच आहे. काही हुशार खेळाडू चेंडू पायाने स्वतःच वर उडवून डोक्याने मागे देऊ लागले. म्हणजे कायद्याने ‘डोक्याने दिलेला’! त्यावरही उत्तर आहे, अशी चलाखी करणाऱ्याला पिवळं कार्ड.

१९९२, म्हणजे आपण सहावीत गेलो ते वर्ष. आपल्या वर्गाचा गोलकीपर पहिल्या रांगेत बसला आहे, त्याचं नाव घेत नाही. तो दहावीपर्यंत येईल तो चेंडू हातातच घेत होता. म्हणजे मित्रा, आपल्या शाळेत नियमाचं पत्र पाच वर्षं पोचलंच नव्हतं. (इथे पहिल्या रांगेतून “मला कुणी सांगितलंच नाही” असा आवाज आला होता, तो नोंदीत असू दे.)

मग मी माझ्या सवयीप्रमाणे मूळ कागद उघडला. फुटबॉलचे नियम ठरवणारी संस्था १८८६ सालची आहे आणि तिचं नियमांचं पुस्तक सगळ्यांना फुकट वाचायला मिळतं. नियम फक्त १७. माझ्या एका प्रोजेक्टचा गरजांचा दस्तऐवज याच्या दुप्पट जाड आहे आणि त्यातून निम्मंही कळत नाही. या पुस्तकात चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम, इथपासून सगळं आहे. दहाव्या नियमापर्यंत मी एका रविवारी भाजी निवडता निवडता गेले.

काही नियमांनी मला लहानपणीच्या सवयी मोडायला लावल्या. ठिक्करीत रेघेवर पाय पडला की आपण बाद. फुटबॉलमध्ये रेघ मैदानाची असते. चेंडू पूर्णच्या पूर्ण रेघेपलीकडे गेला तरच तो बाहेर, आणि गोलही तसाच, पूर्ण चेंडू रेघ ओलांडून गेला तरच. त्याच वर्षी कतारच्या विश्वचषकात जपानने स्पेनविरुद्ध केलेला दुसरा गोल असाच होता. टीव्हीवर चेंडू सरळ सरळ बाहेर दिसत होता. पण तो गोल असल्यामुळे त्याच्या पोटाचा केसभर भाग वरून पाहिलं तर अजून रेघेवर होता. गोल दिला गेला आणि जपान जिंकलं.

चौथ्या नियमावरून मात्र आमच्या घरात युद्ध झालं. खेळताना अंगावर कसलाही दागिना चालत नाही, चिकटपट्टी लावून झाकलेलाही नाही. माझ्या सासूबाई म्हणायच्या, “मुलीचे कान ओके ठेवून मैदानात पाठवता?” लेक दर वेळी गाडीत कानातले काढून माझ्या पर्समध्ये टाकायची आणि येताना घालायची. मला वाटायचं हे तिच्या प्रशिक्षकांचं खूळ. पुस्तकातलं पान मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “इंग्रजांनी लिहिलंय, त्यांना काय कळतंय.” पण तेव्हापासून घरातून निघतानाच कानातले त्याच काढून घ्यायला लागल्या.

आता ऑफसाइड. हा नियम ऐकून माणसं टीव्ही बंद करतात. मलाही तीनदा समजावून तो कळला नव्हता. शेवटी कळला तो डोंबिवलीच्या फलाटावर, आणि मला खात्री आहे की या सभागृहातल्या प्रत्येकाला तो एका मिनिटात कळेल.

सकाळी डोंबिवलीहून सुटणारी लोकल. आपण वीस मिनिटं आधी येऊन नेमक्या दाराच्या जागी उभे राहतो. गाडी फलाटाला लागते आणि आत बघावं तर खिडक्या भरलेल्या! कोपर, दिवा, मुंब्र्याहून माणसं त्याच गाडीत उलटी बसून आलेली असतात. (त्यांचंही पूर्ण चुकतं असं नाही. दिव्याला सकाळी चढून दाखवावं कुणीही.) पण आपल्याला राग कशाचा येतो? गाडी लागायच्या आधीच हे पुढे जाऊन बसलेले असतात याचा. फलाटावरून आपल्याबरोबरच धावून एखादीने खिडकी पकडली तर आपण तिचं कौतुक करतो.

ऑफसाइड म्हणजे फुटबॉलने केलेला उलट्या प्रवासाचा बंदोबस्त. समोरच्यांच्या गोलजवळ आधीच जाऊन बसायचं आणि मागून चेंडू आला की जाळ्यात ढकलायचा, हे चालणार नाही. साथीदार तुझ्याकडे चेंडू मारतो त्या क्षणी तू समोरच्यांच्या अर्ध्या भागात असशील, चेंडूच्याही पुढे असशील आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असशील, तर तू ऑफसाइड. शेवटचा बहुतेक वेळा गोलकीपर असतो, म्हणून व्यवहारात शेवटच्या बचावपटूकडे बघायचं. महत्त्वाचा शब्द ‘क्षण’. चेंडू सुटला की मग तू वाऱ्यासारखी पुढे पळ, कुणी अडवत नाही. गाडी लागल्यावर धावलीस तर खिडकी तुझीच. नुसतं पुढे उभं राहणं हाही गुन्हा नाही, त्या जागेवरून खेळात भाग घेतला तर शिट्टी. आणि गोल किक, कॉर्नर आणि थ्रो-इन, यांच्यावरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड लागतच नाही.

माझी अडचण अशी होती की मी चेंडूकडे बघत होते. नवखा प्रेक्षक चेंडूच बघतो. ऑफसाइड दिसायचा तर चेंडू मारला जाण्याआधी नजर पुढे, बचावपटूंच्या ओळीवर टाकावी लागते. इथे मला खो-खो उपयोगी पडला. आठवतंय, पाठलाग करणारीकडे बघत बसलं की आपण बाद व्हायचो? बाई ओरडायच्या, “बसलेल्यांकडे बघ! खो कुणाला बसणार ते बघ!” पंचवीस वर्षांनी त्या सूचनेचा मला पुन्हा उपयोग झाला, बाई.

मी हे सगळं शिकत होते तेव्हा सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात सुरू झाला. ऑक्टोबर २०२२. बंदी उठली म्हणून तो इथे झाला, नाहीतर हातचा जाणार होता. आपल्या मुली भुवनेश्वरला खेळल्या आणि तिन्ही सामने हरल्या. अमेरिकेने आठ गोल केले, ब्राझीलने पाच, मोरोक्कोने तीन, आपला एकही नाही. पण अंतिम सामना ३० तारखेला नवी मुंबईत, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होता. दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता. मी दोन तिकिटं काढली आणि जेवताना लेकीच्या ताटाजवळ ठेवली. ती बराच वेळ बघत होती. म्हणाली, “दुसरं कुणाचं?” मी म्हटलं, “तू म्हणशील तिचं. मैत्रिणीला ने.” रात्री झोपताना येऊन म्हणाली, “चल तूच. पण ओरडायचं नाही.”

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरुळ. रविवार, त्यामुळे मेगाब्लॉकची धास्ती. डब्यात पंधरा-वीस मुली वेगवेगळ्या क्लबांचे टी-शर्ट घालून होत्या आणि एकमेकींच्या बुटांची चौकशी करत होत्या. मला उगीचच वऱ्हांड्याच्या पायऱ्या आठवल्या. ही बंदी आपल्याकडचीच नाही बरं का. ज्या इंग्लंडमध्ये हे १७ नियम जन्मले, तिथल्या फुटबॉल संघटनेने १९२१ मध्ये आपल्या संघांच्या मैदानांवर बायकांना खेळायला मनाई केली होती, आणि ती उठायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

स्पेन आणि कोलंबिया. स्पेन आधीचा विजेता, कोलंबियाकडे लिंडा काइसेडो नावाची विलक्षण मुलगी. ८२ व्या मिनिटापर्यंत गोल नाही. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते. आणि मग चेंडू कोलंबियाच्याच एका बचावपटूला लागून त्यांच्याच जाळ्यात गेला. स्वयंगोल. स्पेन १-० ने विश्वविजेता.

आमच्याभोवती लोक नाचत होते. लेक उभी होती, पण तिचं स्पेनकडे लक्ष नव्हतं. जिच्याकडून गोल झाला होता त्या मुलीकडे ती शेवटपर्यंत बघत होती. परतीच्या गाडीत जुईनगर गेलं, तुर्भे गेलं, मी गप्प. कोपरखैरण्याच्या सुमारास ती म्हणाली, “तिची आई तिकडे टीव्हीवर बघत असेल ना?” मी म्हटलं, “असेल.” ऐरोली आलं. मला राहवलं नाही. म्हटलं, “कल्याणला चूक माझी होती. मला नियम माहीत नव्हता आणि मी ओरडले. तू बरोबर पाय उचलला होतास, मी पाहिलं होतं.” ती म्हणाली, “तुला आता माहीत आहे?” मी ट्रेनमध्ये, उभ्या बायकांसमोर, तिला सगळा नियम म्हणून दाखवला. डोकं, छाती, गुडघा, थ्रो-इन, अप्रत्यक्ष फ्री किक, पिवळं कार्ड. तिने एके ठिकाणी दुरुस्ती केली. मी म्हटलं होतं, ‘मागे दिलेला’. ती म्हणाली, “मागेच असं नाही, कुठूनही. पायाने मुद्दाम दिलेला एवढंच.” घरी जाऊन पुस्तक पाहिलं, तिचं बरोबर होतं.

तीन आठवड्यांनी, २२ नोव्हेंबरला दुपारी साडेतीनला कतारमध्ये अर्जेंटिना आणि सौदी अरेबियाचा सामना होता. मी घरून काम करत होते, म्हणजे लॅपटॉप उघडा होता. अर्जेंटिनाने पहिल्या हाफमध्ये मेस्सीच्या पेनल्टीवर एक गोल केला आणि आणखी तीन वेळा चेंडू जाळ्यात घातला. तीनही ऑफसाइड. सौदीचे बचावपटू एका ओळीत धीटपणे पुढे येऊन उभे राहायचे. पहिला गोल रद्द झाला तेव्हा मला काही कळलं नाही. दुसऱ्याला शंका आली. तिसऱ्या वेळी माझी नजर आधीच ओळीवर होती, आणि झेंडा वर जाण्याआधी मी म्हटलं, “उलटा आलाय हा, दिव्याहून.” लेकीने माझ्याकडे पाहिलं. डोंबिवलीचा फलाट तिला समजावून सांगावा लागला, कारण ती ठाण्यात वाढलेली. सौदी अरेबियाने तो सामना २-१ ने जिंकला आणि मी त्या दिवशी तीन मीटिंगांना ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम’ सांगितला. इथे कुणी माझ्या कंपनीतलं नाही ना?

जानेवारीत मी पुन्हा मैदानात गेले. सामना इथेच, डोंबिवलीत होता. रेषेपासून चार हात मागे उभी राहिले. दुसऱ्या हाफमध्ये तसंच झालं. आमच्या मुलीवर दोघी धावून आल्या, तिने पायाने चेंडू लेकीकडे दिला, मागून एक मुलगी सुटली. माझ्या शेजारी एक बाबा उभे होते, नवीनच, मुलीचा पहिला सामना बघायला आलेले. ते जोरात ओरडले, “पकड! पकड!” लेकीने एक क्षण आमच्या दिशेला पाहिलं. मी पदर तोंडावर धरतात तशी ओढणी धरून उभी होते.

तिने चेंडूला सणसणीत लाथ मारली. तो रेषेपार, थेट पलीकडच्या गटारात.

ते बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, “हातात घ्यायला काय झालं होतं हिला? गोलकीपर आहे ना?” मी त्यांना बाजूला घेतलं आणि टपरीवर चहा पाजला. त्यांना ऑफसाइडपर्यंत नेता आलं नाही, ते पुढच्या वेळी. तो सामना आम्ही दोन गोलांनी हरलो. गाडीत लेक डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत एकसारखी बोलत होती, दोन्ही गोल कसे झाले, कुणी जागा सोडली, कॉर्नरला पहिल्या खांबापाशी कुणी उभं राहायला हवं होतं. मला त्यातलं अर्धं कळलं.

आता आजच्या कार्यक्रमपत्रिकेकडे वळते. जेवणानंतर चार वाजता मैदानावर ‘माजी विद्यार्थी फुटबॉल सामना’ असं छापलंय. मी संयोजकांना विचारलं, माजी विद्यार्थिनींचं काय? ते म्हणाले, “तुम्ही बायका प्रोत्साहन द्या ना.” प्रोत्साहनाचा माझा अनुभव तुम्ही ऐकलाच आहे. तेव्हा आमच्यापैकी सहाजणींनी नावं दिली आहेत, त्यातल्या तिघी जुन्या खो-खोच्या संघातल्या आहेत, त्यांना हलक्यात घेऊ नका. माझा गुडघा दुखतो म्हणून मी खेळणार नाही. मला रेषेवरच्या पंचाचा झेंडा दिला आहे. लेक शिट्टी घेऊन मध्ये असेल, ती मागे बसली आहे, हात वर कर गं.

आणि पहिल्या रांगेतल्या मित्रा, तुला पायाने दिलेला चेंडू हातात घेतलास, तर १९९२ पासूनचे सगळे आज वसूल होतील.